लेकरू येडं नाही, त्याची रीत निराळी आहे

वस्तीत आरोग्य शिबिर लावलं की ताप-खोकल्याची मुलं येतात, वजन कमी असलेली येतात, दात किडलेली येतात. पण प्रत्येक वस्तीत दोन-चार मुलं अशी असतात की ती शिबिरात येतच नाहीत. आम्ही आरोग्याचं काम करणाऱ्या बाया घरोघर फिरायला लागलो की ती दिसतात. कुणी पाच वर्षांचं झालं तरी बोलत नाही. कुणी नावाने हाक मारली तर वळून बघत नाही, डब्याचं झाकण तासन् तास गरगर फिरवत बसतं. कुणाला दोन मिनिटं एका जागी बसवत नाही. कुणी चौथीत गेलं तरी स्वतःचं नाव उलटसुलट लिहितं. आम्ही काही विचारायच्या आधीच आई सांगते, “ताई, त्याले थोडं उशिरा समजते.” आजी म्हणते, “याचा बापही उशिराच बोलला होता.” आणि शेजारीण दारातून हळूच सांगते, “येडं आहे ते.”

या महिन्याचं आरोग्याचं पान या लेकरांसाठी आणि त्यांच्या मायबापांसाठी आहे. ज्यांच्या घरी असं मूल नाही त्यांनीही ते वाचावं, कारण यातला अर्धा त्रास आजूबाजूच्या माणसांनी दिलेला असतो.

हे नेमकं काय आहे?

माणसाचा मेंदू सगळ्यांचा एकसारखा चालत नाही. काही मुलांचा मेंदू जन्मापासूनच निराळ्या रीतीने चालतो. आपल्याकडे त्याचे तीन प्रकार जास्त दिसतात.

पहिला स्वमग्नता, म्हणजेच ऑटिझम. अशा मुलाला दुसऱ्याशी बोलणं, नजर देणं, खेळात मिसळणं अवघड जातं. तेच ते करायला आवडतं, ठरलेल्या गोष्टीत बदल झाला की ते बिथरतं. आवाज, उजेड, वास, कपड्याचा स्पर्श त्याला आपल्यापेक्षा फार जास्त जाणवतो, किंवा फार कमी.

दुसरा अतिचंचलता, ज्याला डॉक्टर एडीएचडी म्हणतात. लक्ष टिकत नाही, हातपाय शांत राहत नाहीत, विचार करायच्या आधीच कृती होऊन जाते.

तिसरा अध्ययन अक्षमता. मूल हुशार असतं, दुकानाचा हिशोब तोंडी सांगतं, पण वाचायला-लिहायला बसवलं की अडतं.

यासोबत काहींना बौद्धिक दिव्यांगता असते, काहींना फिट येतात. एकाच मुलात दोन गोष्टीही असू शकतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने शंभर-सव्वाशे मुलांमागे एक मूल स्वमग्न असतं. पाचशे घरांच्या वस्तीत किती मुलं असतात, याचा हिशोब तुम्हीच करा. मुली शांत बसतात म्हणून त्या लवकर ओळखू येत नाहीत. “लाजाळू आहे” म्हणून सोडून दिल्या जातात.

दोष कुणाचा?

आम्ही ज्या ज्या घरात जातो तिथे हा प्रश्न आधी येतो, आणि बहुतेक वेळा उत्तर आईवर येऊन थांबतं. गरोदरपणी ग्रहण पाहिलं असेल. कामाला गेली, लेकराकडे लक्ष दिलं नाही. तिच्या माहेरीच असं कुणी असेल. हे फक्त आपल्याकडे होतं असं नाही. अमेरिकेत १९४३ साली लिओ कॅनर या डॉक्टरांनी स्वमग्नतेचं पहिलं सविस्तर वर्णन लिहिलं, आणि त्यानंतर कितीतरी वर्षं तिथले मोठे मोठे तज्ज्ञ सांगत होते की आईची माया कमी पडली म्हणून मूल असं झालं. पुढच्या संशोधनाने ते साफ खोटं ठरवलं. स्वमग्नतेची मुळं बहुतांशी जन्माच्या आधीच, मेंदूच्या घडणीत आणि आनुवंशिक गुणांत असतात. आईच्या वागण्याने ती येत नाही.

लशीनेही येत नाही. १९९८ साली इंग्लंडमधल्या एका डॉक्टरने गोवराच्या एकत्रित लशीचा स्वमग्नतेशी संबंध जोडणारा लेख छापला. तो लेख २०१० मध्ये त्या नियतकालिकाने मागे घेतला आणि त्या डॉक्टरचा परवानाही गेला. अफवा मात्र आजही मोबाईलवर फिरते. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडी भागात गोवराची साथ आली, त्यात मुलं दगावली. लस चुकवली तर स्वमग्नता टळत नाही, गोवर मात्र गाठतो.

आता राहिलं पूर्वजन्मीचं पाप. हा शब्द बौद्ध घरातून ऐकू आला की आम्हाला जास्त लागतं. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धान्त तपासून नाकारला. गरीब आणि दुबळ्या माणसाच्या अवस्थेची जबाबदारी राज्याने आणि समाजाने झटकावी, याखेरीज त्या सिद्धान्ताचा दुसरा उपयोग त्यांना दिसला नाही. आपल्या लेकरांच्या बाबतीत नेमकं हेच होतं. “मागच्या जन्मीचं आहे” म्हटलं की शाळा सुटते, दवाखाना सुटतो, नगरसेवक सुटतो, शेजारी सुटतो. अडकते ती एकटी आई.

आणि बाबा-बुवाकडे नेऊन “लागीर काढणं” हा तर गुन्हाच आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली दोराने किंवा साखळीने बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं या सगळ्याला महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने बंदी आहे. तेच पैसे गाडीभाड्याला ठेवा, दवाखान्यात जायला लागतील.

चूळपंथकाची गोष्ट

विहारात ही गोष्ट फार कमी सांगितली जाते, ती सांगितली पाहिजे. महापंथक आणि चूळपंथक हे दोघे भाऊ भिक्खू होते. थोरला विद्वान. धाकट्याला चार महिने घोकूनही एक गाथा पाठ होईना. शेवटी भावानेच त्याला सांगितलं, तुझ्याच्याने होणार नाही, संघ सोडून घरी जा. तो रडत निघाला तेव्हा बुद्धांनी त्याला थांबवलं. त्यांनी गाथा बाजूला ठेवली. एक स्वच्छ पांढरं कापड त्याच्या हातात दिलं आणि ते हाताने चोळत बसायला सांगितलं. चोळता चोळता कापड मळत गेलं, आणि अनित्यता म्हणजे काय ते चूळपंथकाला कळलं. जे पाठांतराने समजलं नाही ते हाताने आणि डोळ्याने समजलं. पुढे तो अर्हत झाला.

आमच्या मते शिक्षकांच्या प्रत्येक प्रशिक्षणात ही गोष्ट हवी. बुद्धांनी चूळपंथकाला शिक्षा केली नाही, त्याला हाकललं नाही, त्याच्यासाठी शिकवायची रीत बदलली. निराळ्या मुलासोबत जगायचं म्हणजे रोज हेच करायचं असतं.

दहा बाय दहाच्या खोलीत

पुस्तकातले सल्ले मोठ्या घरांसाठी लिहिलेले असतात. “मुलाला शांत खोलीत न्या” म्हणे. आपल्याकडे खोली एकच, त्यात सहा माणसं, टीव्ही चालू, बाहेर नळावर भांडण. म्हणून आम्ही वस्तीतल्या आयांनी स्वतः करून पाहिलेले उपाय इथे देतो.

कोपरा करा. पलंगाखालची जागा किंवा कपाटामागची फट जुन्या साडीने झाका. आत गोधडी ठेवा. मूल बिथरलं की त्याला तिथे जाऊ द्या. तो कोपरा शिक्षेचा नसावा, हे घरातल्या सगळ्यांना सांगा.

बिथरणं आणि हट्ट यांतला फरक ओळखा. हट्टी मूल रडताना तुमच्याकडे बघत असतं आणि वस्तू मिळाली की थांबतं. बिथरलेल्या मुलाला आवाज, गर्दी किंवा बदल सहन झालेला नसतो, ते काही दिलं तरी थांबत नाही. त्या वेळी मारू नका, ओरडू नका, दहा माणसं गोळा करू नका. टीव्ही बंद करा, डोकं आपटत असेल तर खाली उशी धरा, कमी बोला, वाट बघा. शांत झाल्यावर पाणी द्या. हे कशामुळे झालं ते मनात नोंदवून ठेवा. आठ-दहा वेळा नोंदवलं की कारण सापडतं.

दिवस भिंतीवर लिहा. उठणं, संडास, आंघोळ, जेवण, शाळा, खेळ, झोप यांची साधी चित्रं खडूने किंवा कागदावर काढून ओळीने लावा. एक काम झालं की त्यावर फुली मारायची. पुढे काय होणार हे दिसलं की अशा मुलाची भीती अर्धी होते. पाहुणे येणार असतील किंवा गावाला जायचं असेल तर आदल्या दिवसापासून सांगत राहा.

सार्वजनिक संडास. हा आमच्या बैठकीत हमखास निघणारा विषय. अंधार, वास, दार ठोठावणारी माणसं, यामुळे मूल तिथे जायला नकार देतं आणि मग कपड्यात करतं. पहाटे गर्दी नसताना न्या. आधी नुसतं दारापर्यंत, मग आत उभं राहणं, मग बसणं, असं पायरीपायरीने. घरात लहान भांडं ठेवायला लाजू नका. आणि एका मुलाला रांगेत पुढे सोडलं तर आपलं काही जात नाही, हे रांगेतल्या बाकीच्यांनी समजून घ्यावं.

बोलणं. एका वेळी एकच छोटं वाक्य बोला. “चप्पल घाल.” घातली की मग पुढचं. भाजी निवडताना, कपडे घड्या करताना वस्तूंची नावं सांगा, त्याने बोट दाखवलं की लगेच प्रतिसाद द्या. मूल ज्या झाकणाशी खेळतं त्याच झाकणाशी तुम्हीही त्याच्या शेजारी बसून खेळा. महागडी खेळणी लागत नाहीत. मोबाईलने स्वमग्नता येत नाही, पण तासन् तास मोबाईल दिला तर बोलायची संधी जाते.

जेवण. काही मुलं फक्त वरण-भात किंवा फक्त बिस्किट खातात. नवा पदार्थ ताटाच्या कडेला चिमूटभर ठेवा, जबरदस्ती नको. रंग-वास ओळखीचा व्हायला दिवस लागतात.

पळून जाणं. काही मुलं दार उघडं दिसलं की निघतात. रस्ता, नाला, रेल्वे रूळ जवळ असेल तर हा जिवाचा प्रश्न आहे. कडी वर बसवा. मुलाच्या शर्टाच्या आतून कापडावर फोन नंबर शिवा. कोपऱ्यावरचा किराणावाला, रिक्षावाले, विहारातले कार्यकर्ते यांना मुलाची ओळख करून द्या.

फिट आली तर कांदा किंवा चप्पल हुंगवू नका, तोंडात चमचा घालू नका. कुशीवर वळवा, आजूबाजूच्या टोकदार वस्तू काढा. फिट पाच मिनिटांपेक्षा जास्त चालली तर सरळ दवाखाना गाठा. चालू गोळ्या मनाने बंद करू नका.

कधी दाखवायचं, कुठे दाखवायचं

एक वर्षाचं मूल नावाला वळत नसेल, दीड वर्षाचं होऊनही बोट दाखवून काही मागत नसेल किंवा एकही शब्द बोलत नसेल, दोन वर्षांचं होऊनही “पाणी दे” असे दोन शब्द जोडत नसेल, तर वाट बघू नका. आधी बोलत होतं आणि आता बंद झालं, असं कोणत्याही वयात झालं तर लगेच दाखवा. “मुलगे उशिरा बोलतात” या वाक्याने आपल्या वस्त्यांत मुलांची फार वर्षं वाया घालवली आहेत. लहान वयात सुरुवात झाली तर मूल जास्त शिकतं.

पहिली तपासणी कानाची करून घ्या. ऐकू न येणारं मूलही वळत नाही आणि बोलत नाही.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे. त्यात जन्मापासून १८ वर्षांपर्यंत मोफत तपासणी होते. पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा आलं पाहिजे. आशाताईंना आणि अंगणवाडीच्या सेविकाताईंना तारीख विचारून ठेवा, त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. पथकाने पुढे पाठवलं की जिल्ह्याच्या ठिकाणी शीघ्र हस्तक्षेप केंद्र असतं, त्याला डीईआयसी म्हणतात. मुंबईत पालिकेची सायन, नायर, केईएम ही मोठी रुग्णालयं आहेत, बोलणं-ऐकण्यासाठी वांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे. नागपूरला केंद्र सरकारचं संयुक्त प्रादेशिक केंद्र, म्हणजे सीआरसी आहे.

एक सावधगिरी. स्वमग्नता “बरी करणारं” औषध नाही. स्पीच थेरपी, ऑक्युपेशनल थेरपी आणि घरचा सराव यांनी मूल पुढे जातं. अतिचंचलतेत डॉक्टरांच्या देखरेखीखाली गोळ्यांचा उपयोग होतो. पण कुणी लाखो रुपयांचे स्टेम सेल उपचार सांगितले तर दागिने मोडू नका. स्वमग्नतेसाठी ते उपचार सुचवू नयेत अशी भूमिका नॅशनल मेडिकल कमिशनने २०२२ मध्येच घेतली आहे.

दाखला आणि हक्क

जातीच्या दाखल्यासाठी आपण किती हेलपाटे मारतो! आजोबांचा शाळेचा दाखला शोधायला गावी जातो. कारण कागद नसेल तर हक्क नाही, हे आपल्याला पक्कं माहीत आहे. दिव्यांगत्वाच्या दाखल्यासाठी मात्र पाय मागे घेतो. “शिक्का बसेल” म्हणून भितो. शिक्का तर शेजाऱ्यांनी कधीच मारला आहे. कागदाने निदान हक्क तरी मिळतो.

१९९५ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे ७ प्रकार होते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने ते २१ केले आणि त्यात स्वमग्नता व अध्ययन अक्षमता आल्या. अतिचंचलता त्या यादीत वेगळी नाही, तिच्यासोबत दुसरं काही असेल तर त्याची तपासणी मागा. बहुतेक योजनांसाठी ४० टक्के किंवा जास्त प्रमाण लागतं. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर करायचा, मग सरकारी रुग्णालयात तपासणी होऊन यूडीआयडी कार्ड मिळतं. अध्ययन अक्षमतेचा दाखला साधारण आठ वर्षांनंतर मिळतो.

कार्डावर एस.टी. आणि रेल्वेची सवलत मिळू शकते. संजय गांधी निराधार योजनेची चौकशी तहसील कार्यालयात करा. स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगता, सेरेब्रल पाल्सी आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ आरोग्य विमा योजना आहे. तिच्यात वर्षाला एक लाखापर्यंतचा खर्च, थेरपीसुद्धा धरून, मिळू शकतो. “आमच्या मागे याचं कोण?” हा प्रश्न ज्यांना झोपू देत नाही त्यांनी लक्षात ठेवावं की याच चार प्रकारांत मूल १८ वर्षांचं झाल्यावर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची समिती कायदेशीर पालक नेमून देते.

शाळेने “आमच्याकडे असली मुलं चालत नाहीत” म्हटलं तर लेखी मागा. बहुतेक वेळा लेखी मिळत नाही, प्रवेश मिळतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रवेश नाकारणं, आठवीपर्यंत काढून टाकणं आणि मारणं या तिन्ही गोष्टींना बंदी केली आहे. ४० टक्क्यांच्या वर दिव्यांगत्व असेल तर ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. गटसाधन केंद्रातून विशेष शिक्षकाची मागणी करा. दहावीच्या परीक्षेला जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात, त्यासाठी नववीपासूनच शाळेच्या मागे लागा.

आणखी एक कलम वस्तीतल्या प्रत्येकाने ऐकावं. चारचौघांत अपमान करण्याच्या हेतूने दिव्यांग व्यक्तीला हिणवणं हा २०१६ च्या कायद्याच्या कलम ९२ प्रमाणे गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत. अॅट्रॉसिटीच्या कायद्याची भाषा ज्यांना पाठ आहे त्यांना ही भाषा ओळखीची वाटेल. जो शब्द आपल्या बापजाद्यांना रस्त्यात ऐकवला गेला त्याचा घाव आपण विसरलेलो नाही. मग “येडा”, “खुळा”, “मंद” हे शब्द आपल्या तोंडून एका लेकराला कसे जातात?

आईला एकटं सोडू नका

धुणीभांडी करणाऱ्या बाईने थेरपीसाठी आठवड्यात दोन दिवस सुट्टी घेतली तर काम सुटतं. दवाखान्यात जायचं तर रोजी बुडते आणि भाडं लागतं. नवरा म्हणतो, तू बघ. त्यात तिच्या झोपेचं, तिच्या रक्ताचं, तिच्या मनाचं कुणी विचारत नाही. बापांना आमचं सांगणं आहे की दोन दिवसांतला एक दिवस तुमचा. मूल बापाच्या हातूनही शिकतं. दादा-ताई असलेल्या भावंडांनाही त्यांचा वेळ द्या, सगळं ओझं त्यांच्यावर टाकू नका. आणि आईला सतत रडू येत असेल, जगणं नको वाटत असेल, तर ते दुखणं आहे, त्यावर सरकारी रुग्णालयात मोफत उपचार आहेत.

आता थोडं आपल्या जयंतीबद्दल. १४ एप्रिल हा आपला सगळ्यात मोठा दिवस आहे, पण याच दिवशी काही घरांत मूल गोधडीत डोकं खुपसून किंचाळत असतं, कारण डीजे दाराशी आलेला असतो. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा नियमाने आहे. अशा घरासमोरून मिरवणूक जाताना आवाज कमी करणं जयंती मंडळाला सहज जमेल. मग ते लेकरूही बापाच्या खांद्यावर बसून निळा झेंडा बघेल.

विहार समितीला आणि महिला मंडळाला आमची विनंती आहे की या महिन्यात पुढची चार कामं घ्या. वस्तीतल्या अशा मुलांची यादी करा, पालकांच्या संमतीने. यूडीआयडीचे अर्ज भरायला विहारात एक रविवार ठेवा, शिकलेली पोरं मोबाईल घेऊन बसतील. थेरपीच्या दिवशी आईबरोबर कुणी जायचं, याची पाळी लावा. आणि धम्मवंदनेत एखादं मूल उठून फिरलं, मध्येच ओरडलं, तर वळून बघू नका. त्याच्या आईला पुढे बसायला जागा द्या.

जय भीम. नमो बुद्धाय.